बायकांच्या बाजूचा कॅमेरा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो भांड्यांच्या आवाजानं. केजच्या बाजारपेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या तीन खोल्यांत आम्ही राहायचो. अप्पा पूजा उरकून, कपाळाला भस्म लावून दुकानाच्या फळ्या काढायचे आणि एकात एक घातलेली पातेली, कळश्या, डबे एकेक करून बाहेर मांडायचे. आत आई भाकरी थापत असायची. तिच्या हाताची थापथाप आणि बाहेरच्या पातेल्यांचा खणखणाट कानावर पडल्याशिवाय मला आजही सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. लग्नसराई आली की त्यात आणखी एक आवाज मिसळायचा, भांड्यांवर नावं घालायच्या मशीनचा. मशीन म्हणजे वायर लावलेली जाड पेनासारखी दांडी आणि तिच्या टोकाला सुई. पितळेवर टेकवली की टर्रर्र करत हात हादरवून टाकायची. अप्पांच्या हाताला कंप होता, म्हणून शाळेत असल्यापासूनच ते काम माझ्याकडे आलं. ‘मामाकडून सप्रेम भेट’ ही अक्षरं मी किती घागरींवर कोरली असतील, देव जाणे. उमटलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे श्वास धरून बसायची आणि हात हलू न द्यायची सवय तिथंच लागली.

आमच्या शेजारी हमीदचाचांचं बांगड्यांचं दुकान होतं. चाचा मनियार. घाऊक मालाचं, गावोगावच्या बाजारांचं ते बघायचे. बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम रजियाचाची करायच्या, दुकानाच्या पडद्याआड, आतल्या खोलीत. तालुक्याला आलेली बाई बांगड्या भरल्याशिवाय परत जायची नाही, आणि चाचींच्या हातून भरून घेतल्यावर दुसऱ्या कुणाकडं जायची नाही. त्यांची मुलगी शहनाज माझ्याच वर्गात. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा बेतानं असायचा, तरी ईदला चाची आमच्याच दुकानातल्या नव्या कोऱ्या पातेल्यात शीरखुर्मा करून पाठवायच्या. “तुमच्या दुकानाचं भांडं हाय, निर्धास्त खा,” असा निरोप सोबत असायचा. आई ते पातेलं रिकामं परत देत नसे. पुरणपोळ्या नाहीतर धपाटे घालूनच द्यायची.

कॅमेऱ्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कपिलधारला. कॉलेजची सहल गेली होती. धबधब्याला भरपूर पाणी होतं आणि आम्ही मुली तुषारांत ओल्या होऊन किंचाळत होतो. भूगोलाच्या सरांकडं स्वतःचा कॅमेरा होता. त्यांना आमच्यासोबत फोटोत यायचं होतं, म्हणून त्यांनी तो समोर दिसलेल्या मुलीच्या हातात दिला, आणि ती मी होते. डोळा लावला आणि मी गप्प झाले. एवढा मोठा कडा, एवढं पाणी, सगळ्या मैत्रिणी, सगळं एका लहानशा चौकटीत येऊन बसलं होतं आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं ते माझ्या हातात होतं. सर ओरडत होते, “दाब की गं बटण!” मी श्वास धरला, दाबलं. फोटो धुऊन आला तेव्हा सर म्हणाले, “कुणाचंच डोकं कापलेलं नाही, आणि फोटो हललेलाही नाही.” तेवढं बोलणं मी पुढं कितीतरी महिने जपून ठेवलं.

सहलीहून घरी येऊन मी म्हणाले, मला कॅमेरा पाहिजे. अप्पा ताटं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “फोटो काढायला फोटोवाले हायत की. तुला कावून पायजे?”  माझा थोरला भाऊ शिवा तिथंच होता आणि त्याच्या डोक्यात त्यातून वेगळंच निघालं. बीडला त्यानं लग्नात व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस पाहिला होता. आपल्याकडं भांडी घ्यायला येतात त्या सगळ्या घरांत लग्न असतं, त्यांनाच शूटिंगचं सांगायचं, असा त्याचा बेत. अप्पांना तो पटला, कारण तो धंदा होता. तेव्हापासून घरात रोज जेवताना तेच. शिवादादाला शूटिंगचा कॅमेरा हवा, मला फोटोचा. मी म्हणायचे, फोटो भिंतीवर राहतो, कॅसेट कोण रोज बघतंय? तो म्हणायचा, “अगं, फोटोत मानूस मेल्यावानी उभा ऱ्हातो. शूटिंगमधी चालतो, बोलतो.” आई मध्ये येसराची आमटी वाढत राहायची. शेवटी एकदा अप्पा वैतागून म्हणाले, “घरात एकच मशीन येईल. दोघं बसून ठरवा, मंग मला सांगा.” आमचं काही ठरेना.

परवा शिवादादाच्या मुलीनं, ऋतुजानं, मला पुण्याहून फोन केला. “आत्या, पहिलाच कॅमेरा घेतेय, फोटो आणि व्हिडिओ दोन्हीसाठी. कोणता घेऊ?” आणि मोबाइलवर एकामागोमाग एक दहाबारा कॅमेऱ्यांची चित्रं पाठवली. आता एकाच यंत्रात सगळं येतं. आमचं भांडण तिला सांगितलं तर खोटं वाटेल. मी तिला म्हटलं, आधी मला सांग, तुला कोणाला बघायचंय? ती म्हणाली, आत्या, तुझं काहीतरीच असतं.

आमचं ते भांडण चालू होतं त्या उन्हाळ्यात शहनाजचं लग्न ठरलं. चौसाळ्याचं स्थळ, महामार्गावर त्यांचं दुकान. ठरलं तेही घाईनं, कारण रजियाचाची आजारी होत्या. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी चाचांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. चाचींना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. लग्न लवकर करा, हे त्यांनीच चाचांच्या मागं लागून करून घेतलं. शिवादादानं संधी साधली. बीडहून शूटिंगचा कॅमेरा भाड्यानं आणायचा, चाचांच्या घरचं लग्न फुकटात काढून द्यायचं, म्हणजे हातही बसेल आणि गावात नावही होईल. चाचा तयार झाले, पण पुरुषांच्या बाजूपुरते. “बायकांच्या साईडला मशीन न्हाई,” ते म्हणाले. त्याला कारणही होतं. मागं कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट कुठल्याशा हॉटेलात लागली होती आणि घरच्या बायकांचे चेहरे बघत परकी माणसं चहा पीत बसली होती. चाचांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शहनाज माझ्याकडं येऊन रडली. तिचा आणि चाचींचा एकत्र फोटो एकही नव्हता. चाचींचा रेशनकार्डावरचा फोटो तेवढा होता आणि त्यात त्या ओळखू येत नव्हत्या. मी आईला सांगितलं, आई चाचींकडं गेली, आणि त्या दोघींचं काय बोलणं झालं ते माहीत नाही. संध्याकाळी चाचींनी पडद्याआडून चाचांना हाक मारली. मी तिथंच होते. “नंदा है ना,” त्या म्हणाल्या. “अपनीच बच्ची है. उसके हाथ में देव मशीन.” चाचा उठून पडद्यापाशी आले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “बेटी, बायकांच्या बाजूची कॅसेट घराबाहेर जायची न्हाई. बीडला न्हाई, कुठंच न्हाई. शहनाजच्या पेटीत ऱ्हाईल. शब्द दे.” मी दिला. अप्पा दुकानातून ऐकत होते. त्यांचा चेहरा मला आवडला नाही, पण शेजाऱ्यांच्या दारात त्यांनी काही म्हटलं नाही.

तो कॅमेरा केवढा होता! खांद्यावर घ्यायचा, वर अख्खी मोठी कॅसेट त्याच्या पोटात. भिंगातून बघितलं की सगळं काळंपांढरं दिसायचं. मेंदीच्या दुपारी चाचींच्या अंगणात कापडाचा मांडव घातला होता. ढोलक, टाळ्या, बायकांचं हसणं, लहान मुलांची रडारड, आणि एका कोपऱ्यात खास आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात केलेला केशरी गोड भात. मी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि अंगण एकदम गप्प झालं. बायका पदर सावरून सरळ बसल्या, जणू पासपोर्टचा फोटो निघतोय. मी वळले की त्या बाजूला शांतता पसरायची आणि मागच्या बाजूला पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. थोड्या वेळात खांदा भरून आला. उभं राहवेना, तेव्हा मी भिंतीकडेच्या गाद्यांच्या चवडीवर कॅमेरा ठेवला, चाचींच्या खाटेकडं तोंड करून, आणि चालूच ठेवून शेजारी बसले. बायकांना वाटलं, झालं याचं काम. आणि मग त्या जशा होत्या तशा झाल्या.

चाचींनी शहनाजला जवळ बोलावलं. बांगड्यांची टोपली मांडीशी ओढली. त्या इतक्या वाळल्या होत्या की स्वतःच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण लेकीचा हात धरला आणि त्यांची बोटं पूर्वीसारखी चालायला लागली. शहनाजनं भीतीनं मूठ घट्ट केली होती. “हाथ ढीला छोड,” चाची म्हणाल्या. “चूड़ी के पास नक्को देख. मेरे पास देख. ढीला छोड… हां… हौ, ऐसाच.” एकेक बांगडी चढत होती आणि त्या बोलत होत्या. चौसाळ्याचं पाणी खारं आहे म्हणतात, डाळ शिजत नाही, आधी भिजत घाल. सासू उठायच्या आधी ऊठ, पण उपाशी काम करू नको. “चूड़ी फूटी तो रोने नक्को बैठ. कांच है, फूटतीच. दूसरी पहन ले.” मग माझ्याकडं वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, “नंदे, इकडं ये गं. तुझा पन हात दे. लांब बसून काय बघतीस?” मी त्यांच्या पुढ्यात हात धरला. कॅसेटमध्ये त्या जागी माझी पाठ दिसते, बराच वेळ, आणि पाठीच्या पलीकडून त्यांचा आवाज.

लग्न झालं. शहनाज चौसाळ्याला गेली. शिवादादानं काढलेली पुरुषांच्या बाजूची कॅसेट बीडला मिक्सिंगला जाणार होती. तेव्हा तशीच पद्धत होती. मूळचा सगळा आवाज पुसून सिनेमाची गाणी घालायची, नवरानवरीचे चेहरे बदामाच्या आकारात गोल फिरवायचे. दादा म्हणाला, तुझी पण कॅसेट दे, दोन्ही जोडून एक चांगली होईल. मी नाही म्हटलं.

“अगं, गाणी घातल्याबगर कोन बघंल ते? निस्ता कलकलाट हाय त्याच्यात. तूच म्हनलीस, निम्म्या कॅसेटीत तुझी पाठ हाय म्हनून!”

“असू दे. चाचांना शब्द दिलाय.”

“त्यांना कुठं कळतंय? मी सोता संग बसून करून आनतो.”

“न्हाई म्हनलं ना दादा.”

आवाज वाढले तसे अप्पा आत आले. “शब्द दिलाय तर इषय संपला,” ते दादाला म्हणाले. “कॅसेट त्यांची हाय.” मी त्यांच्याकडं आनंदानं बघितलं, तर ते माझ्याकडं वळून म्हणाले, “आन् नंदे, हे पैलं आन् शेवटचं. चाचीसाठी मी गप बसलो. लोकांच्या लग्नांत आपली पोरगी मशीन घेऊन फिरनार न्हाई. उद्या तुला बघायला येतील ते काय म्हनतील?” आई चुलीपुढून म्हणाली, “येऊ तर द्या आधी.” पण अप्पांचं ते बोलणं शेवटचंच होतं. फोटोचा कॅमेरा, शूटिंगचा कॅमेरा, दोन्ही बंद. मी कॅसेट नेऊन चाचींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हसून म्हणाल्या, “येवढ्या डबीत मी हाय व्हय?” जिच्यावर ती लावून बघायची ती वस्तू त्यांच्या घरी नव्हती. त्यांनी ती कधीच पाहिली नाही.

पावसाळा संपता संपता चाची गेल्या. चाळिसावा झाल्यावर शहनाज आमच्याकडं आली, हातात ती कॅसेट घेऊन.  म्हणाली, “नंदा, अम्मीचा आवाज मला आठवत न्हाई. चेहरा आठवतो, आवाज आठवत न्हाई. असं कसं झालं?” शिवादादा उठला आणि कुठूनतरी व्हीसीआर घेऊन आला. टीव्ही आमच्या मधल्या खोलीत होता, दुकानाला लागून. तो लावून दिल्यावर दादा स्वतःहून बाहेर निघून गेला, बायकांची कॅसेट म्हणून. खोलीत आई, शहनाज आणि मी. सुरुवातीला चित्र नुसतं हलत होतं, कुणाचे पाय, कुणाची चादर, माझं मोठ्यानं श्वास घेणं. मला लाज वाटत होती. मग चित्र थांबलं, खाट दिसली, आणि चाची म्हणाल्या, “हाथ ढीला छोड.”

शहनाजनं डोळे मिटले. तिनं पडद्याकडं बघितलंच नाही. गुडघ्यांत डोकं घालून ती ऐकत होती, आणि तिचा हात जमिनीवर नकळत सैल पडला होता.

हमीदचाचा तिला न्यायला आले होते. दुकानात पाऊल टाकलं आणि बायकोचा आवाज कानावर पडला, तसे ते फळीला धरून उभे राहिले. अप्पांनी त्यांना स्टुलावर बसवलं. आत यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, पडदा उघडाच होता. पण त्या चित्रात गावातल्या दुसऱ्या बायका होत्या, म्हणून ते आले नाहीत. दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसले आणि ऐकत राहिले. बांगड्यांचा किणकिणाट, ढोलक, चौसाळ्याचं पाणी, डाळ, कांच है फूटतीच. एक गिऱ्हाईक कळशी विचारायला आलं, तर अप्पांनी बोट ओठांवर ठेवून त्याला थोपवलं. असं अप्पांनी गिऱ्हाइकाला थांबवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तोही माणूस तसाच उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन. कॅसेट संपली. खरखर सुरू झाली. बाहेरून चाचांचा आवाज आला, अगदी हळू, “फिर से लगाव बेटा.” मी पुन्हा सुरुवातीपासून लावली.

त्या दिवशी रात्री आम्ही जेवायला बसलो. अप्पांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. मग म्हणाले, “नंदे, तो फोटोचा कॅमेरा तुला अजून पायजे का?”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “न्हाई अप्पा. शूटिंगचा.”

शिवादादाचा घास हातातच राहिला.

आम्ही तिघं एसटीनं औरंगाबादला गेलो, तेव्हा शहराचं नाव ते होतं. दुकानदारानं काचेच्या टेबलावर दोन कॅमेरे काढून ठेवले. एक भाड्याच्या कॅमेऱ्यासारखाच, खांद्यावर घ्यायचा, भारदस्त. दुसरा तळहातावर मावेल एवढा, लहान कॅसेटचा. दादाचे डोळे मोठ्यावर खिळले. “मोठा असला की मांडवात लोक वाट देत्यात. ह्याला कोन विचारतंय? खेळन्यावानी दिसतंय.” मी लहान उचलला. हातात धरला, मांडीवर ठेवून पाहिला, पोटाशी धरून पाहिला. दादाला म्हटलं, मला वाट नको आहे, मला बायकांमध्ये बसायचंय. मोठा कॅमेरा बघून त्या कशा लाकडासारख्या होतात ते तू पाहिलेलं नाहीस. आणि दुकानदाराला विचारलं, याच्यात आवाज कसा येतो? त्याला आश्चर्य वाटलं. लोक झूम विचारतात, म्हणाला, आवाज कुणी विचारत नाही. तरी त्यानं कॅसेट घातली, कानाला लावायचे फोन दिले आणि म्हणाला, कुणाला तरी बोलायला सांगा.

दादा हसत मागं सरकला. समोर राहिले अप्पा. मी कॅमेरा त्यांच्यावर धरला. ते गोंधळले, टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं.

“काय बोलू?”

“काहीबी बोला अप्पा. दुकानात बोलता तसं.”

ते घसा खाकरून ताठ उभे राहिले. भिंगात ते लहानसे दिसत होते, पण कानात त्यांचा श्वाससुद्धा येत होता. कंप असलेला हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

“मी केजचा हाय,” ते म्हणाले. “भांड्याचं दुकान हाय आमचं.” मग थांबले. आता संपलं असं मला वाटलं. बोट बटणाकडं गेलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “ही माझी पोरगी, महानंदा. शूटिंग करती. बायकांच्या बाजूची.” आणि जरा विचार करून, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात, “कुनाच्या घरी लग्न असंल तर सांगा. आमच्याकडं या.”

दादा मागून खो खो हसला. दुकानदारही हसला. अप्पा मात्र तसेच ताठ उभे होते, डोळ्याची पापणी न लववता, भिंगाकडं बघत.

“आलं का गं नीट?” त्यांनी विचारलं.

“आलं अप्पा,” मी म्हटलं.